दोन दातांची शर्यत

वाशिम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यांत शेलूबाजार नांवाचें गांव आहे. नागपुराहून कारंजा, मालेगांव, मेहकर असा पश्चिमेस जाणारा जुना रस्ता या गांवावरून जातो, आणि अलीकडे समृद्धी महामार्गावर चढण्या-उतरण्याची एक जागाहि त्याच्याजवळच झाली आहे. १९९८ सालीं वाशिम जिल्हा निराळा होईपर्यंत हा सारा मुलूख अकोला जिल्ह्यांत मोडत असे. काळी जमीन, तिच्यांत कापूस, तूर, ज्वारी आणि गेल्या कांहीं दशकांत सोयाबीन, असें येथील शेतीचें स्वरूप. अशा गांवच्या शेतकऱ्याला बैल घ्यावयाचा झाला म्हणजे तो प्रथम काय करतो, येथूनच आजच्या विषयाला आरंभ केलेला बरा. मग तो विषय अमेरिकेंतील घोड्यांच्या शर्यतीचा कां असेना.

बैलाचा रंग, शिंगें, वशिंड हें सारें त्याच्या डोळ्यांना दुरूनच दिसलेलें असतें. जवळ गेल्यावर तो थेट तोंडाशीं जातो, एका हातानें वेसण धरतो, दुसऱ्या हाताचा अंगठा ओठाच्या कोपऱ्यांतून आंत सारून खालचा ओठ ओढतो आणि दांत मोजतो. गुरांना वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतातच. खालीं आठ असतात, आणि ते आठहि प्रथम दुधाचे. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास मधले दोन पडून त्यांच्या जागीं रुंद, कायमचे दोन येतात आणि गोऱ्हा दोन दाती झाला असें म्हणतात. पुढें कांहीं कांहीं महिन्यांच्या अंतरानें तो चार दाती, सहा दाती होतो, आणि साडेचार-पांच वर्षांच्या घरांत आठहि दांत येऊन तोंड जुळतें. ज्याचा एकहि दुधाचा दांत पडलेला नाहीं तो अदंत. पश्चिम महाराष्ट्रांत यालाच आदत, दुसा, चौसा असें म्हणतात, आणि तिकडील बैलगाड्यांच्या शर्यतींत या दांतांवरून गट पाडण्याची चाल आहे. विकणारा वय सांगत असतो, घेणारा तें ऐकून घेत असतो. पण व्यवहार तोंडानें सांगितलेल्या वयावर होत नाहीं, तोंडांत दिसणाऱ्या वयावर होतो.

दांत मोजण्यामागें केवळ किंमतीचा प्रश्न असतो असें मात्र नव्हे. दोन दाती गोऱ्ह्याला कोणतें काम सांगावें आणि कोणतें सांगूं नये, याचा एक अलिखित कायदा शेतकऱ्याच्या घरांत असतो. त्याला हलक्या डवऱ्याला जुंपावें, रिकाम्या गाडीला जोडून रस्त्याची संवय लावावी, एखाद्या शहाण्या वयस्क बैलाच्या जोडीला द्यावें. पण उन्हाळ्यांत दगडासारख्या झालेल्या काळ्या जमिनींत नांगराला लावूं नये. खांदा अजून भरलेला नाहीं, गुडघा अजून पक्का झालेला नाहीं, असें त्याचें कारण सांगतात. हा कायदा मोडणारेहि असतात. अडचण मोठी असली म्हणजे कोवळा खांदाहि जोखडाखालीं जातो. पण असें करणारा मनुष्य तें चारचौघांत अभिमानानें सांगत नाहीं.

हाच अंगठा आतां सातासमुद्रांपलीकडील एका तोंडांत घालून पाहावयाचा आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं केंटकी या संस्थानांत लुईव्हिल नांवाचें शहर आहे. तेथील चर्चिल डाउन्स या मैदानावर मे महिन्याच्या पहिल्या शनिवारीं केंटकी डर्बी ही शर्यत होते. अंतर सव्वा मैल, जमीन मातीची, घोडे फार तर वीस, आणि सर्वांचें वय तीन वर्षें. अवघ्या दोन मिनिटांत ती संपते, आणि त्या दोन मिनिटांसाठीं दीड लाखाच्या आसपास लोक जमतात. १९२५ सालीं ती नभोवाणीवरून प्रथम ध्वनिक्षेपित झाली, तेव्हांपासून घरबसल्या ऐकणाऱ्यांचा तर हिशेबच राहिला नाहीं. अस्सल जातीच्या, म्हणजे ज्यांची वंशावळ ग्रंथांत नोंदलेली आहे अशा, घोड्यालाच तींत भाग घेतां येतो, आणि तोहि आयुष्यांत एकदांच. पुढच्या वर्षीं तो चार वर्षांचा होतो आणि हें दार त्याला कायमचें बंद होतें.

हीं तीन वर्षें मोजावयाचीं कशीं? तेथें कोणी तोंड उघडून पाहात नाहीं. उत्तर गोलार्धांतील सर्व अस्सल घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारी हाच, असा नियम आहे. शिंगरूं फेब्रुवारींत जन्मलें काय किंवा मेमध्यें जन्मलें काय, १ जानेवारी उजाडतांच तें वर्षानें मोठें होतें. डिसेंबरच्या ३१ तारखेस रात्रीं जन्मलेलें दुर्दैवी शिंगरूं दुसऱ्या दिवशीं सकाळीं कागदोपत्रीं एक वर्षाचें ठरतें, अंगावरचा ओलावा सुकण्यापूर्वींच! घोडीचा गर्भकाळ सुमारें अकरा महिन्यांचा. म्हणून पैदास करणारे लोक फेब्रुवारीच्या मध्यापासून घोड्या दाखवितात आणि शक्य तितकें जानेवारीच्या जवळ वीण व्हावी अशी खटपट करतात.

आतां दांतांकडे वळूं जातां असें आढळतें कीं, घोड्याच्या तोंडाचा हिशेब बैलाच्या तोंडाहून फारसा निराळा नाहीं. त्याला वरहि दांत असतात आणि पुढचे दांत आठांऐवजीं प्रत्येक जबड्यांत सहा असतात, एवढाच भेद. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास, दुसरी साडेतीनच्या सुमारास आणि कोपऱ्यांतली साडेचारला येते. पांचव्या वर्षीं घोड्याचें तोंड भरतें. केंटकी डर्बीच्या दिवशीं त्या वीस घोड्यांचें खरें वय तीन वर्षांच्या आसपास, फार तर तीन वर्षें चार महिने इतकें असतें. म्हणजे शेलूबाजारच्या भाषेंत बोलावयाचें तर हे वीसहि दोन दाती. जगांतील सर्वांत गाजलेली मातीवरची शर्यत ही दोन दातांची शर्यत आहे.

या शर्यतीचा सर्वांत मोठा नायक सेक्रेटेरियट हा घोडा. त्याचा जन्म ३० मार्च १९७० चा. ५ मे १९७३ रोजीं, वयाला तीन वर्षें, एक महिना आणि पांच दिवस झाले असतांना त्यानें ती सव्वा मैलाची धांव १ मिनिट ५९ सेकंद आणि दोन पंचमांशांत पुरी केली. तो विक्रम अद्यापि मोडलेला नाहीं. घोडा सामान्यतः आरंभीं जोरानें पळतो आणि शेवटीं मंदावतो. याचें उलट झालें. पांचहि पाव-मैलांपैकीं प्रत्येक पाव-मैल त्यानें आधींच्या पाव-मैलापेक्षां कमी वेळांत कापला. पांच आठवड्यांनीं बेलमाँट येथील दीड मैलाच्या शर्यतींत तो दुसऱ्या घोड्याच्या एकतीस घोडे-लांबी पुढें होता. चित्रफितींत पाहाणाऱ्याला तो एकटाच धांवत आहे असें वाटतें. बाकीचे घोडे चौकटींत मावतच नाहींत. कोवळ्या वयांत पळविण्याच्या बाजूनें बोलणाऱ्यास याहून मोठा साक्षीदार नको.

पण तीनच वर्षें कां? याचें उत्तर घोड्याच्या शरीरांत नसून मालकाच्या वहींत आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडांत घोडा पांच-सहा वर्षांचा होऊन तोंड भरल्यावर पळवीत, तोहि चार चार मैलांच्या फेऱ्यांनीं आणि पाठीवर चांगलें ओझें देऊन. त्या शर्यतीची कसोटी दमाची होती. पण पांच वर्षें घोडा पोसावयाचा आणि मग तो कामाचा कीं बिनकामाचा हें कळावयाचें, हा खर्च श्रीमंतांनाहि जड वाटूं लागला. शिवाय ज्याचें पाणी सर्वांना ठाऊक झालें आहे अशा घोड्यावर पैज लावण्यांत गंमत ती किती! लहान वय, लहान अंतर, अज्ञात घोडा आणि लौकर निकाल, असें नवें वळण पडलें. एप्सम येथें ४ मे १७८० रोजीं तीन वर्षांच्या घोड्यांची पहिली डर्बी झाली. तिला नांव लॉर्ड डर्बीचें द्यावें कीं सर चार्ल्स बनबरीचें, याचा निकाल नाणें उडवून झाला अशी आख्यायिका आहे. नांव डर्बीचें झालें आणि पहिली शर्यत बनबरीच्या डायोमेडनें जिंकली. नाण्यानें हरलेल्याला घोड्यानें जिंकविलें. हाच डायोमेड म्हातारपणीं कवडीमोलानें विकला जाऊन १७९८ सालीं अमेरिकेस गेला आणि तेथें मोठ्या वंशाचा मूळपुरुष झाला. एप्समची शर्यत पाहून आलेल्या मेरिवेदर लुइस क्लार्क या गृहस्थानें १७ मे १८७५ रोजीं लुईव्हिलला आपली डर्बी सुरू केली. पहिल्या वर्षीं धांवलेल्या पंधरा घोड्यांपैकीं तेरांवर कृष्णवर्णी स्वार होते. जिंकलेल्या ॲरिस्टाइडीसचा स्वार ऑलिव्हर लुइस हाहि त्यांतलाच, आणि त्या घोड्याचा शिक्षक ॲन्सेल विल्यम्सन हा जन्मानें गुलाम होता. पुढें तीस-चाळीस वर्षांत वर्णद्वेषानें या स्वारांना मैदानांतून जवळजवळ नाहींसें केलें. तो इतिहास स्वतंत्र भाषणाचा आहे.

इंग्लंडांत ही शर्यत गवतावर होते. अमेरिकेंत ती मातीवर आली. याचें एक व्यवहारी कारण असें कीं, एकाच मैदानावर दिवसामागून दिवस, दिवसाला आठ-दहा शर्यती घ्यावयाच्या तर गवत टापांखालीं टिकत नाहीं. माती टिकते, कारण ती पुन्हां पुन्हां सारखी करतां येते. खालीं घट्ट बसविलेला थर, वर कांहीं बोटें वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचें मिश्रण. प्रत्येक शर्यतीनंतर यंत्रामागें फण लावून तें उकरावयाचें, पाणी मारावयाचें, पुन्हां सपाट करावयाचें. वऱ्हाडांतल्या माणसाला हें वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. तो म्हणेल, वखर मारला आणि फळी फिरविली. मात्र या मातीचा एक गुण घोड्याला फार जाचक आहे. पुढच्या घोड्याच्या खुरांनीं उडालेलीं ढेकळें मागच्याच्या तोंडावर, छातीवर बसतात. ज्याला तीं सोसवत नाहींत तो मागें राहतो. म्हणून मातीवर आरंभींच पुढें घुसणाऱ्याला महत्त्व येतें, आणि आरंभींच सर्व शक्तीनें पळणें म्हणजे कोवळ्या पायावर आरंभींच सर्व भार टाकणें.

या भाराची किंमत ३ मे २००८ रोजीं सर्वांनीं पाहिली. एट बेल्स नांवाची घोडी त्या दिवशींच्या डर्बींत दुसरी आली. जन्म २३ फेब्रुवारी २००५ चा. वय तीन वर्षें आणि सव्वादोन महिने. शेवटची रेघ ओलांडून ती वेग कमी करीत होती, लोक पहिल्या आलेल्या घोड्याचा जयघोष करीत होते, आणि त्याच वेळीं तिचे पुढचे दोन्ही पाय घोट्याशीं मोडले. तिला तेथेंच, त्याच मातींत, इंजेक्शन देऊन शांत करावें लागलें. घोड्याचा मोडलेला पाय माणसासारखा बांधून ठेवतां येत नाहीं. सारा देह चार पायांवर सतत तोललेला असतो. एका पायाचा भार दुसऱ्यावर गेला कीं तोहि जातो. २०२३ सालच्या वसंत ऋतूंत तर याच मैदानावर थोड्या दिवसांत बारा घोडे दगावले आणि जूनमध्यें शर्यती दुसऱ्या मैदानावर हलवाव्या लागल्या. माती तपासली गेली, घोड्यांचे कागद तपासले गेले. एकच एक कारण हातीं लागलें नाहीं. अमेरिकेंतील आंकडे पाहातां गवतापेक्षां आणि कृत्रिम जमिनीपेक्षां मातीवर प्राणघातक इजा अधिक होतात, हें मात्र वर्षानुवर्षें दिसून आलें आहे.

येथें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. पशुवैद्यांपैकीं पुष्कळांचें म्हणणें असें कीं, हाड हें निर्जीव खांबासारखें नसतें. ज्या भाराची त्याला संवय होते त्या भाराजोगें तें घडत जातें, आणि लहानपणीं बेताबेतानें पळविलेल्या घोड्याचे पाय कधींच न पळविलेल्या घोड्यापेक्षां बळकट निघतात. हें खोटें नाहीं. शेतकरीहि दोन दाती गोऱ्ह्याला गोठ्यांत बांधून ठेवीत नाहीं, डवऱ्याला जुंपतोच. वाद काम देण्याबद्दल नाहीं, किती द्यावें याबद्दल आहे. बेताबेतानें या शब्दांत सारें आलें, आणि लाखो डॉलरांचें बक्षीस एकाच शनिवारीं ठेवलेलें असतांना बेत राखणें हें मनुष्यस्वभावाला फार कठीण जातें.

महाराष्ट्रांत या शर्यतीचें सर्वांत जवळचें रूप मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर पाहावयास मिळतें. पूर्वीं मुंबईच्या शर्यती भायखळ्यास होत असत. १८८३ च्या सुमारास महालक्ष्मीचें मैदान तयार झालें. येथील डर्बी १९४३ सालीं सुरू झाली. ती हिंदुस्थानांत पैदा झालेल्या घोड्यांसाठीं होती, आणि पहिल्या वर्षीं बडोद्याच्या महाराजांची प्रिन्सेस ब्युटिफुल ही एडगर ब्रिट या ऑस्ट्रेलियन स्वाराखालीं पहिली आली. ही शर्यत दीड मैलाची, गवतावरची. आणि लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, ती चार वर्षांच्या घोड्यांची आहे. ती फेब्रुवारीच्या आरंभीं होते. १ जानेवारीस सर्वांचें वय वाढलेलें असतें. खरें पाहातां ते घोडे चौथें वर्ष पुरें करण्याच्या उंबरठ्यावर किंवा नुकतेच त्याच्या आंत असतात. अंगठा घालून पाहिलें तर चार दाती. शेलूबाजारचा शेतकरी महालक्ष्मीच्या कठड्याशीं उभा राहिला तर लुईव्हिलपेक्षां त्याला येथें कमी हरकत घ्यावीशी वाटेल. अर्थात् याच घोड्यांना तिसऱ्या वर्षीं डिसेंबरांतल्या मोठ्या शर्यतींत पळविलेलें असतें, आणि त्यांची शिकवणूक तर त्याच्याहि आधींपासून चाललेली असते. तेव्हां मुंबईनें या बाबतींत फार मोठी प्रौढी मिरवावी असें नाहीं.

शर्यत संपल्यावर घोड्याचें काय होतें, याचें महाराष्ट्रांत एक विलक्षण उत्तर मिळालेलें आहे. पुण्याला १९४६ सालीं पूनावाला कुटुंबानें घोड्यांची पैदास सुरू केली. शर्यतीला निकामी झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेस देत, कारण धनुर्वातासारख्या रोगांवरील रक्तद्रव घोड्याच्या रक्तांतून काढीत असत. आपलेच घोडे देऊन तेंच औषध दुसऱ्यानें करण्यापेक्षां आपणच कां करूं नये, या विचारांतून १९६६ सालीं सीरम इन्स्टिट्यूट निघाली, आणि तिच्या लसी पुढें जगभर गेल्या. घोड्यांच्या तबेल्यांतून लसींचा कारखाना निघावा, हें डर्बीच्या कोणत्याहि पैजेंत कोणी मांडलें नसतें.

आतां पुन्हां वऱ्हाडांत यावयाचें. वऱ्हाडाला स्वतःची मातीवरची शर्यत आहे. तिचें नांव शंकरपट. पश्चिम महाराष्ट्रांतील बैलगाडा शर्यत निराळी, हा निराळा. खळीं उरकून हिवाळ्यांत मोकळा वेळ मिळाला म्हणजे गांवाबाहेरच्या शेतांत एक लांब, सरळ पट्टी तयार करतात. दगड वेंचतात, ढेकळें फोडतात. अगदीं हलक्या दुचाकी गाडीला जोडी जुंपतात. हांकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. तो बैलांच्या इतका जवळ असतो कीं, त्याचा श्वास कोणता आणि बैलांचा कोणता हें त्यालाहि सांगतां येऊं नये. जोडी सुटते आणि कांहीं सेकंदांत पट्टी संपते. निकाल घड्याळावर, सेकंदाच्या अंशा-अंशासाठीं वाद. अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासर येथील पट विदर्भांत सर्वांत नांवाजलेला; तेथें स्त्रियांनींहि जोड्या हांकल्या आहेत. पटाच्या बैलाची बडदास्त काय वर्णावी! सरकीची ढेप, तुरीची चुनी, गव्हाचें पीठ; घरांतल्या मुलांच्या तोंडीं जें आठवड्यांतून एकदां पडतें तें त्याच्या तोंडीं रोज. त्याच्याकडून नांगर ओढवीत नाहींत.

या शर्यतीवर कायद्याची दृष्टि पडली तेव्हां तिचें मोजमाप अगदीं निराळें निघालें. २०११ च्या जुलैंत केंद्र सरकारनें खेळासाठीं शिकवूं नयेत व दाखवूं नयेत अशा जनावरांच्या यादींत बैलाचें नांव घातलें. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूंतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रांतील बैलगाड्यांच्या शर्यती दोन्ही बंद केल्या. त्या निकालपत्रांत बैलांच्या छळाचीं जीं वर्णनें आहेत तीं कोणाहि पशुपालकास खालीं मान घालावयास लावणारीं आहेत. शेपट्या पिरगाळणें, पराणीनें टोंचणें, दारू पाजणें हें होत नव्हतें असें म्हणण्याची सोय नाहीं. पण न्यायालयानें आणखी एक कारण दिलें. बैल हें ओझें ओढणारें जनावर; त्याची शरीररचना अशा खेळासाठीं, घोड्यासारखें धांवण्यासाठीं घडलेली नाहीं. त्यामुळें २०१४ पासून पुढें सात वर्षें तळेगांवची पट्टी ओस पडली, आणि महालक्ष्मीचें गवत मात्र दर फेब्रुवारींत पूर्ववत् तुडविलें गेलें. घोड्यांच्या शर्यतीवरील पैज हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय तर १९९६ सालींच झालेला होता.

वऱ्हाडांत या गोष्टीचा राग होता आणि तो समजण्यासारखा होता. श्रीमंतांचा घोडा धांवण्यासाठीं जन्मला आणि गरिबाचा बैल ओढण्यासाठीं, असा अर्थ लोकांनीं काढला. रागांत लोक जें म्हणतात त्यांतलें निम्में सोडून दिलें तरी एक शंका उरते. घोडा धांवण्यासाठींच घडलेला आहे हें खरें धरलें, तर एट बेल्सचे पाय कां मोडले? ती जातीनें घोडी होती यानें तिला कांहीं तारलें नाहीं. तिच्या बाबतींत विचारावयाचा प्रश्न ती कोण हा नव्हता. तिचे दांत किती, जमीन कोणती आणि वेग किती, हा होता. आणि हाच प्रश्न बैलालाहि लागू पडतो. जुळलेल्या तोंडाचा, नीट पोसलेला बैल भुसभुशीत पट्टीवर कांहीं सेकंद पळाला तर त्याचें जें होईल, तें अदंत गोऱ्ह्याला रस्त्यावर मैल-मैल पळविल्यानें होणार नाहीं. न्यायालयासमोर हा भेद कोणी दांतांच्या भाषेंत मांडला असता तर बरें झालें असतें.

२०१७ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें आपल्यापुरती कायद्यांत दुरुस्ती करून शर्यतींना वाट करून दिली. त्याच वर्षीं उच्च न्यायालयानें ती अडविली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या ग्राह्य ठरविल्या. नियमांप्रमाणें आधीं सरकारी परवानगी हवी, पशुवैद्याकडून तपासणी हवी, धांव एक हजार मीटरहून अधिक नको, आणि काठी, चाबूक, पराणी, विजेचा धक्का यांपैकीं कांहींहि नको. येथें एक मौज नमूद करण्याजोगी आहे. २०२० च्या कायद्यानें अमेरिकेंत घोड्यांच्या शर्यतींसाठीं जें नवें मंडळ झालें, त्यानें २०२२ पासून स्वाराला एका शर्यतींत जास्तीत जास्त सहा फटके मारण्याची मुभा ठेवली आहे. शंकरपटांत शून्य. कागदावर तरी वऱ्हाडचा बैल लुईव्हिलच्या घोड्यापेक्षां सहा फटक्यांनीं सुखी आहे. कागदाखालच्या मातींत काय चालतें, हें पाहाण्याचें काम पट भरविणाऱ्या गांवाचें आहे, आणि तें गांवानें चोख केलें नाहीं तर दुसऱ्या खेपेस न्यायालयाकडे दाद मागतांना तोंड दाखवावयास जागा राहाणार नाहीं.

हा प्रश्न एका खेळापुरता असता तर त्याचा एवढा ऊहापोह करण्याचें कारण नव्हतें. शेलूबाजारच्या आसपासचीं शेतें आतां ट्रॅक्टरनें नांगरलीं जातात. पशुगणनेच्या दर फेरीला देशी बैलांची संख्या घटत आहे. गाय व्याली आणि गोऱ्हा झाला तर घरांत पूर्वींसारखा आनंद होत नाहीं; त्याला तीन-चार वर्षें पोसून काम काय द्यावयाचें, हा विचार आधीं येतो. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रांत बैलांच्या कत्तलीसहि बंदी आहे, त्यामुळें काम सरलेला बैल विकणेंहि अवघड झालें आहे. अशा वेळीं चांगल्या जातीचा गोऱ्हा निवडून, त्याचे दांत येण्याची वाट पाहून, त्याला ढेप चारून वाढविणारा जो मनुष्य अद्यापि उरला आहे, तो बहुधा पटाचा शौकी असतो. डर्बीचा विजेता घोडा पुढें पैदाशीला जातो. त्याच्या एका धांवेवर पुढच्या पिढ्यांचा वंश ठरतो. पटाच्या बैलाचें तसें नसतें. खच्ची केलेला असला तर त्याचा वंश त्याच्यापाशींच संपतो. पण त्याच्यासाठीं त्याच्या आईला, भावंडांना, त्याच गोठ्यांतल्या दुसऱ्या वेताला भाव येतो. पट बंद होता त्या सात वर्षांत हा भाव कोठें गेला असेल, तें वऱ्हाडांतल्या गोठ्यांना विचारावें.

पटाच्या दिवशीं जोड्या हल्लीं पायीं येत नाहींत. पहांटे टेम्पो येतो, मागच्या फळीवर कडबा पसरलेला असतो, आणि बैलांना त्यांत चढविण्यापूर्वीं धुरकरी त्यांच्या पायांवरून, गुडघ्यापासून खुरापर्यंत, एकदां सावकाश हात फिरवितो. कोठें ऊन लागतें का, कोठें सूज आहे का, हें तो पाहात असतो. एखाद्या पायाशीं तो हात क्षणभर थांबतो, पुन्हां वरून खालीं येतो. मग कधीं तो जोडी चढवितो, आणि कधीं टेम्पोवाल्याला भाड्याचे पैसे देऊन रिकामा परत पाठवितो.